तीन फलक, एक नाटक: शाराकूच्या नटांची रंगप्रत

३ जून
काम पक्कं झालं. सांगलीतल्या एका जुन्या हौशी नाट्यसंस्थेने तालीमहॉल नव्याने बांधलाय, त्याच्या लांब भिंतीवर तीन फलक हवेत. अण्णांनी (संस्थेचं सगळं तेच बघतात) मोबाइल पुढे केला. छातीसमोर दोन्ही पंजे पसरलेला, मान पुढे काढलेला, डोळे नाकाकडे वळलेले, ओठ घट्ट मिटलेले. "हा कोण ते माहीत नाही, पण आमच्या खलनायकांना रोज दिसला पाहिजे."

हा नट ओतानी ओनिजी तिसरा, भूमिका एदोबेईची. चित्रकार तोशूसाई शाराकू, साल १७९४, चित्र लाकडी ठशांनी छापलेलं. काबुकी (जपानचं जुनं लोकप्रिय नाट्य) म्हटलं की मगांवर, पिशव्यांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हाच असतो, त्यामुळे अण्णांचं बोट नेमकं याच्यावर पडलं यात नवल नाही.

फ्लेक्स का नको, ते विचारून घेतलं. दहाव्या हिश्शात काम झालं असतं. "फ्लेक्स चौकाचौकात आहेत. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस नाही."

उरलेले दोन मी सुचवले: नाटकातल्या दाईच्या वेशातला इवाई हान्शिरो चौथा, आणि तिच्या बापाच्या भूमिकेतला इचिकावा एबिझो. तिघेही एकाच नाटकातले, एकाच प्रयोगाचे. नाट्यसंस्थेच्या भिंतीवर तीन सुटे चेहरे लावण्यापेक्षा एक प्रयोग लावावा, एवढाच विचार.

५ जून
अण्णांना कथा सांगायची म्हणून लिहून काढली. नाटक 'कोइ न्योबो सोमेवाके ताझुना'. मूळ कठपुतळ्यांसाठी १७५१ मध्ये लिहिलेलं, पुढे काबुकीत आलं. शिगेनोई (हान्शिरोची दाई ती हीच) सरदारघराण्यात नोकरीला. योसाकू नावाच्या तरुणावर तिचं प्रेम बसतं, दिवस जातात, बोभाटा होतो. तिचा बाप सादानोशिन नो-नाट्याचा (जपानचं जुनं मुखवट्यांचं नाट्य) कलावंत. मुलीचा जीव वाचावा म्हणून तो मालकाला 'दोजोजी' या नो-नाटकाचं गुपित शिकवतो आणि पोट चिरून मरतो. इकडे योसाकूचा नोकर इप्पेई पैसे घेऊन निघालेला असतो, त्याला क्योतोत नदीकाठी एदोबेई लुटतो. आपल्या चित्रातले पसरलेले पंजे त्या लुटीच्या क्षणाचे.

प्रयोग १७९४ च्या पाचव्या महिन्यात एदो शहरातल्या (आजचं तोक्यो) कावाराझाकी-झा या नाट्यगृहात झाला. सरकारी परवान्याची मूळ तीन थिएटरं तेव्हा कर्जात बुडाली होती, त्यांच्या जागी तीन पर्यायी थिएटरं चालत होती. हे त्यांतलं एक. थिएटर चालवणाऱ्यांचं कर्ज हा विषय निघताच अण्णा एकदम जवळ सरकून बसले.

प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. १७९१ मध्ये लेखक सांतो क्योदेनची रंगेल पुस्तकं छापली म्हणून सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली होती, लेखकाला पन्नास दिवस हातकड्या घातल्या होत्या. तीन वर्षांनी त्याच त्सुतायाने कुणालाही माहीत नसलेल्या माणसाच्या हाती एकदम अठ्ठावीस मोठे मुखवटेवजा चेहरे काढायला दिले, सगळे अभ्रकाच्या चकाकत्या काळसर पार्श्वभूमीवर. महागडं काम. दहाएक महिन्यांत शाराकूने एकशे चाळीसच्या वर चित्रं केली आणि १७९५ च्या सुरुवातीला तो थांबला. बहुतेक अभ्यासक आज तो आवा प्रांताच्या सरदाराकडचा नो-नट साइतो जूरोबेई असावा असं मानतात. म्हणजे स्वतः रंगमंचावरचाच माणूस.

८ जून
आकार. मूळ छाप 'ओबान', म्हणजे साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर. भिंत आठ फूट उंच. तिप्पट केलं की ११४ बाय ७५, माणसाच्या डोक्याहून मोठं डोकं. चौपट मागितलं होतं, मी तिपटीवर थांबले. त्यापुढे रेषेचा दम संपतो.

काबुकीच्या नटांना मोठं रंगवणं ही काही आपली आगाऊपणाची कल्पना नाही. नाट्यगृहाच्या दर्शनी भागावरचे रंगीत फलक चित्रकारांचं तोरी घराणं रंगवत असे. कियोनोबुपासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून. भोपळ्यासारख्या पोटऱ्या आणि गांडुळासारखी फुगत-बारीक होत जाणारी रेषा ही त्यांची खूण. नटांच्या छापील चित्रांची सुरुवातही याच घराण्याच्या हातून झाली. सुरुवातीच्या छापांत फक्त काळी रेषा छापलेली असे आणि रंग हाताने भरत: आधी शेंदूर, मग करडईच्या फुलांचा गुलाबी, कधी डिंकासरसाने चकचकीत केलेला काळा. ठशांनीच सगळे रंग छापायची पूर्ण रीत १७६५ ला आली. तेव्हा हाताने रंगवलेली नटचित्रं मधल्या काळातली विकृती नव्हे, मूळ वंशावळीतलीच शाखा आहे. ही ओळ अण्णांना ऐकवायला मुद्दाम लिहून ठेवते, कारण 'कॉपी' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

सुताराकडे आठ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय, मागून चौकट. त्यावर मांजरपाट चिकटवून प्रायमरचे पातळ हात, मधे मधे घासून. विणीचा दाणा जेमतेम राहिला पाहिजे.

१२ जून
मदतीला कलामहाविद्यालयातला एक मुलगा येतोय. त्याने प्रोजेक्टर लावून थेट गिरवायचा प्रस्ताव दिला. नको म्हटलं. न्यू यॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींचे मोठे फोटो सगळ्यांना खुले केलेत. त्यातली एदोबेईची छाप घेऊन तिप्पट मोठी करून बटरपेपरवर काढली, मग टोचून खाका केला. कोळशाची पुरचुंडी फिरवली की फलकावर ठिपके येतात. जुने साइनबोर्डवाले असंच करायचे, भिंतीवर अक्षर सरळ यायचं ते यामुळेच.

खाका करताना सगळ्यात जास्त वेळ कपाळावरच्या केसांच्या कडेला गेला. मूळ छापीत तिथे केस एकेक सुटे दिसतात. लाकडात हे करायचं म्हणजे केस उभे ठेवून मधली जागा काढायची. हे काम कारखान्यातला सगळ्यात तयार कोरणारा करत असे, चेहरा आणि डोकं त्याच्याकडे, कपडे-नक्षी उमेदवारांकडे. लाकूड रानचेरीचं, घट्ट आणि बारीक कणाचं.

आणि इथेच तो प्रश्न येतो जो गेले चार दिवस डोक्यात आहे. शाराकूने पातळ कागदावर शाईने चित्र काढलं. तो कागद पालथा करून लाकडावर चिकटवला आणि त्याच्यासकट कोरला. कोरताना मूळ चित्र नष्ट होतं, तशीच रीत होती. म्हणजे एदोबेईच्या नाकाची जी रेषा जग शाराकूची म्हणून ओळखतं, ती प्रत्यक्षात सुरीची आहे, आणि सुरीवाल्याचं नाव चित्रावर नाही. चित्रकाराची सही आहे, प्रकाशकाचं चिन्ह आहे, तपासनिसाचा 'किवामे' शिक्का आहे.

त्याच्या स्वतःच्या हातची रेषा बघायची तर २००८ मध्ये ग्रीसच्या कोर्फू बेटावरच्या आशियाई कलेच्या संग्रहालयात सापडलेला पंखा आहे. त्यावर कोशिरो आणि योनेसाबुरो हे नट 'चुशिंगुरा' या नाटकातल्या भूमिकांत रंगवलेत. छापील नाही, कुंचल्याचं काम. फोटोत बघितलं: रेषा छापीपेक्षा मऊ, ओलसर.

मी मऊ रेषा वापरणार नाही. माझी प्रत छापीची आहे, पंख्याची नाही. सुरीची रेषा दोन्ही कडांनी सारखीच धारदार असते, सुरुवातीला फुगत नाही, शेवटी पाझरत नाही. ब्रशने हे साधायचं तर सवय मोडावी लागते.

१५ जून
रेषेचे नमुने. सेबलचा गोल ब्रश सुंदर रेषा देतो, म्हणून बाद. लांब केसांचा लायनर, रंग दुधापेक्षा किंचित दाट, हाताखाली आडवी काठी. एक कड आधी ओढायची, मग दुसरी, मग पोट भरायचं. मुलगा म्हणाला, "ताई, हे चित्र काढणं नाही, हे अक्षर लिहिणं आहे." बरोबर म्हणाला.

१९ जून
पार्श्वभूमी. मूळ पद्धतीत ठशाने किंवा कापलेल्या कागदाच्या साच्यातून गडद रंग घालून त्यावर सरसात कालवलेली अभ्रकाची पूड चढवत. बहुतेक सगळ्या जुन्या प्रतींत ती कुठे ना कुठे घासली गेलीय, बोटांचे ठसे आहेत, सरळ फोटोत मात्र ती मेलेली राखाडी दिसते. म्हणून ज्यांनी शाराकू फक्त पुस्तकात बघितलाय ते प्रत करताना पाठीमागे सपाट राखाडी मारून मोकळे होतात. मूळ छाप हातात धरून कलवायची असते. कलली की नटामागची भिंत हलते आणि चेहरा पुढे येतो. तेलाच्या दिव्यात ते कसं दिसत असेल याची कल्पना करून बघा.

रंगाच्या दुकानात अभ्रकाची पूड तीन जाडीची मिळाली. जाड पूड सरळ लग्नपत्रिका झाली. मधली ठीक, पण कण मोजता येतात. सगळ्यात बारीक पूड मॅट मीडियममध्ये कालवून फोम रोलरने दोन पातळ थर: हवं ते आलं. खाली काजळी काळा आणि थोडा पांढरा. सरळ बघितलं तर शिसं, खिडकीच्या बाजूने बघितलं तर पहाटेचं पाणी. चित्राची बाह्यरेषा मास्किंगने झाकून आधी पार्श्वभूमी उरकली, कारण अभ्रक चेहऱ्यावर सांडलं तर निघत नाही.

२३ जून
रंगांवरून मुलाशी वाद. चांगला वाद होता, म्हणून सविस्तर.

शाराकूच्या काळातल्या छपाईचे रंग आपल्याकडच्या वाण्याच्या आणि वैद्याच्या दुकानात सापडतील असे: हरताळ, हळद, शेंदूर, हिंगूळ, गेरू, नीळ, काजळी. यांतले मातीचे आणि धातूचे बरेच टिकतात. दोन मात्र फार नाजूक. एक करडईच्या पाकळ्यांचा गुलाबी-लाल. दुसरा एका रानफुलाच्या पाकळ्यांचा निळा, जो उजेडाने तर जातोच, पाण्याच्या थेंबानेही जातो. या दोघांना मिसळून जांभळा करत. त्यामुळे जुन्या छापांतला जांभळा आज मळकट भुरा किंवा पिवळट राखाडी दिसतो. झळाळता प्रशियन निळा तेव्हा नव्हताच, तो छापांत खऱ्या अर्थाने आला १८३० च्या आसपास. (इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या 'हाताने रंगवलेल्या शाराकू'त तो हमखास असतो. रंगाच्या संचात येतो ना.)

हान्शिरोच्या फलकाला हा जांभळा आडवा येतो. काबुकीत स्त्रियांना १६२९ मध्ये बंदी झाली, मग तरुण मुलांनाही १६५२ मध्ये, आणि पुढे नटांना कपाळावरची झुलपं भादरावी लागली. ती भादरलेली जागा झाकायला स्त्रीपार्टी नट जांभळं रेशमी फडकं बांधू लागले. म्हणजे तो रंग नुसती सजावट नाही, सरकारी हुकमाची खूण आहे.

मुलाचं म्हणणं: आज जे दिसतं त्याचीच प्रत करायची, उडालेला रंग ही त्या कागदाची हकिगत आहे. माझं म्हणणं: कुठल्या कागदाची? एकाच ठशाच्या प्रती न्यू यॉर्कला आहेत, शिकागोला आहेत, तोक्योला आहेत, प्रत्येकीचा उन्हाळा वेगळा. आपण एकीची हकिगत बाकीच्यांवर का लादायची? आणि तोक्योची आदाची संस्था आजही नवे ठसे कोरून शाराकू छापते, ते कागद ताजे, रंग ताजे. ते बघून कुणी म्हणत नाही की शाराकू भडक झाला.

शेवटी असं ठरलं: जिथे रंग टिकून आहे तिथे आहे तसाच. जिथे तो उडाल्याचं नक्की कळतं, म्हणजे जांभळ्या फडक्यात, तिथे परत आणायचा, पण एक पायरी खाली ठेवून. मुलगा याला तडजोड म्हणतो. आहेच.

२७ जून
हान्शिरोचा चेहरा. गोल, गुबगुबीत, प्रेक्षक त्याला त्यावरून लाडाने चिडवत. छापीत त्या चेहऱ्यावर रंग नाही, कोरा कागद आहे. नटाचा पांढरा मेकअप म्हणजेच कागद. रंगवणाऱ्याची खरी पंचाईत इथे होते: मला तो कोरेपणा रंगवून आणावा लागतो. पांढऱ्यात कणभर पिवळी माती आणि त्याहून कमी काळा, तीन पातळ हात, एकाही जागी ब्रशची दिशा दिसता कामा नये. गालावर गुलाबी छटा द्यायचा मोह मुलाला झाला. दिली की संपलं. मग ती बाई होते. शाराकूच्या चित्रात ती बाई नाही, सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष बाई करतोय आणि दोघंही एकाच वेळी दिसतात.

संध्याकाळी अण्णा आणि संस्थेतले एक काका बघायला आले. काका वयाने ऐंशीच्या पुढचे. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बालगंधर्वांचे फोटो आहेत आमच्याकडे. फोटोवाल्याची अशी हिंमत झाली नसती."

काकांच्या या वाक्यात सगळं आहे. नटांची चित्रं ही चाहत्यांनी घ्यायची वस्तू होती, आवडता नट घरी न्यायचा. कात्सुकावा शुन्शो आणि बुन्चो यांनी १७७० च्या सुमाराला नटांचे चेहरे ओळखू येतील असे काढायला सुरुवात केली, तोवर नट अंगरख्यावरच्या चिन्हावरून ओळखायचा. पण ओळखू येणं वेगळं आणि उघडं पडणं वेगळं. त्याच १७९४ मध्ये तरुण तोयोकुनीने नटांची पूर्णाकृती मालिका सुरू केली: उमदे, सडपातळ, बेतशीर. बाजार तोयोकुनीने मारला, आणि त्याच्या उतागावा घराण्याने पुढची साठ-सत्तर वर्षं. शाराकूबद्दल समकालीन लेखक ओता नान्पोचा शेरा प्रसिद्ध आहे: नटांना फार खरं काढायला गेला आणि त्यामुळेच फार टिकला नाही.

३० जून
हातांचा विषय निघणारच होता, आज निघाला. अण्णा: "बाकी झकास. फक्त ते हात जरा नीट करता येतील का? लोक म्हणतील पेंटरला हात येत नाहीत."

एदोबेईचे हात खरंच विचित्र आहेत. चेहऱ्याच्या मानाने लहान, मनगट कुठून आलं त्याचा हिशोब लागत नाही, बोटं ताठ आणि थोडी पंज्यासारखी, जणू झग्यातून दुसऱ्याच कुणी बाहेर काढलीत. शरीरशास्त्राच्या वर्गात नापास. मी गेल्या आठवड्यात बटरपेपरवर ते 'नीट' करून बघितले होते, मुद्दाम. मनगट जागेवर, अंगठा बरोबर, पंजा चेहऱ्याएवढा. अण्णांना दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून दाखवले.

नीट केलेल्या हातांचा एदोबेई कुणाला तरी थांबवत होता. रहदारी पोलीस वाटत होता. मूळचा एदोबेई लुटायला आलाय आणि त्याचे हात त्याच्या आधी निघालेत.

अण्णा बघत राहिले. मग तालमीला आलेल्या एका पोराला बोलावलं आणि मूळ चित्रासारखे हात करायला सांगितले. त्याने केले. कोपरं आपोआप बरगड्यांना चिकटली, मान पुढे गेली, खांदे वर आले. "राहू दे," अण्णा म्हणाले.

३ जुलै
एबिझो. याच्यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो सरळ उतरला. पूर्वीचा दान्जूरो पाचवा, १७९१ मध्ये ते नाव मुलाला देऊन एबिझो झालेला, एदोतला सगळ्यात मोठा नट. कपाळ, नाक, हनुवटी सगळं ऐसपैस, सुरकुत्या मोजक्या, हात एकमेकांत गुंतवलेले. तपकिरी वस्त्रावर एकात एक तीन चौकोनांचं इचिकावा घराण्याचं चिन्ह, ते पट्टी लावून काढलं. शाराकूने बाकी कुणाला सोडलं नाही, याच्यापुढे मात्र जरा अदबीने उभा राहिल्यासारखा वाटतो.

८ जुलै
एदोबेईच्या आतल्या किमोनोचे पट्टे पूर्ण. हे कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. पट्टे कापडाच्या घडीप्रमाणे वळतात, पण सावली कुठेच नाही. एका पट्ट्याची कड जरी थरथरली तरी सगळा झगा ढिला पडतो. रेडिओ लावून दोन बैठकांत संपवले.

वॉर्निशचा निर्णय: फक्त आकृतीवर मॅट, अभ्रकावर काहीच नाही. वॉर्निशखाली त्याची चमक बसते, ते नमुन्यावर बघून ठेवलं होतं. धुळीचं काय, असं अण्णांनी विचारलं. मऊ ब्रशने झटकायची, ओलं फडकं अजिबात नाही. हे लिहून फलकाच्या मागे चिकटवलंय, कारण दिवाळीच्या साफसफाईला कोण येईल सांगता येत नाही.

१३ जुलै
टांगले. मधे हान्शिरो, डावीकडे एबिझो, उजवीकडे एदोबेई. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये तिन्ही पार्श्वभूमी राखाडी आणि निर्जीव. इलेक्ट्रिशियनकडून ट्यूब बंद करवून बाजूच्या खांबावर पिवळे दिवे लावून घेतले, फलकांच्या कडेने तिरके. अभ्रक लगेच उठलं. शेजारून चालत गेलं की उजेड सरकतो आणि तिघं आळीपाळीने पुढे येतात.

पट्टीवर काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. मी दिलेला मजकूर असा: नटाचं नाव, भूमिका, नाटक, कावाराझाकी-झा, १७९४. चित्र तोशूसाई शाराकू. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. कोरणारे आणि छापणारे: नावं उपलब्ध नाहीत. रंगप्रत: माझं नाव आणि मुलाचं नाव. काकांना 'कोरणारे आणि छापणारे' ही ओळ फार आवडली. आमच्या नेपथ्यवाल्यांचीही नावं कधी पत्रिकेत येत नव्हती, म्हणाले. मग जाता जाता त्यांनीच एक जुळणी सांगितली: जपानमध्ये १८४२ मध्ये सरकारने नटांची चित्रं छापायलाच बंदी घातली असं मी बोलले होते, तर त्याच्या पुढच्याच वर्षी इथे सांगलीत भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं. जुळणीला अर्थ काही नाही, पण सांगलीकर १८४३ विसरत नाही.

१५ जुलै
उरलेला हिशोब दिला. अण्णांना आता चौथा हवाय: लुटला जाणारा इप्पेई, तलवारीच्या मुठीवर हात ठेवलेला, इचिकावा ओमेझो. एदोबेई आणि तो खरं तर जोडीनेच बघायचे, एकट्या एदोबेईला समोर कुणी नाही. सुताराला चौथ्या फलकाचं प्लाय सांगितलंय, जुन्याच मापाचं. बारीक अभ्रक संपलंय. दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात येईल, तोवर खाका करून ठेवते.